रविवारचा डोंगर आणि मंगळवारचा डोंगर (वाकड ते सातारा)

उंबर

गेल्या आठवड्यात तिघांनी वेगवेगळे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलं: साताऱ्याला जाऊन पस्तावलात का? तेच तेच तीनदा लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

आम्ही दोघं, मुलगी (आता पाचवीत) आणि सासूबाई. अकरा वर्षं पुण्यात वाकडला काढली, जून २०२२ मध्ये साताऱ्यात आलो. इथे आमचं कुणीही नाही. माझं माहेर लातूरचं, सासर जळगावचं. वडिलोपार्जित वाडा नाही, शेत नाही, 'गावाकडं परतलो' छापाची गोष्ट नाही. समर्थ मंदिराच्या चढावर तीन खोल्या आणि गच्ची भाड्याने घेतली आणि सामान टाकलं.

लोकांना वाटतं आम्ही शांततेसाठी आलो. शांतता नाही. घरासमोर मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत 'नवरदेव आले' हे आम्हाला वधूपक्षाच्या आधी कळतं.

कारण वेगळं होतं. वाकडला असतानाही आम्ही डोंगरात जायचोच, पण रविवारी. शनिवारी रात्री डबे भरायचे, पहाटे चारचा गजर लावायचा, सिंहगडाच्या पायथ्याशी गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं, वर भज्यांच्या वासात ढकलाढकली करायची, उतरताना परत तीच रांग. दुपारी तीनला घरी, संध्याकाळभर सगळे चिडलेले. डोंगर म्हणजे लग्नाला जाऊन आल्यासारखा एक कार्यक्रम व्हायचा. वर्षातून सात-आठ वेळा, आणि दर वेळी 'पुढच्या वेळी लवकर निघू'.

आता मंगळवारी सकाळी पावणेसहाला चप्पल घालते, साडेसहाच्या सुमारास अजिंक्यताऱ्याच्या दरवाजात असते, सव्वासातला परत येऊन कुकर लावते. मंगळवार मुद्दाम म्हणतेय, कारण सगळ्या वारांत हाच सगळ्यात नीरस. अशा वारी सकाळी किल्ल्यावर जाऊन आलं तरी दिवसभरात कुणाला सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. मला तेच हवं होतं. रोज जातो तिथे फोटो काढावासा वाटत नाही. ढग कुठून येतो, यवतेश्वरावर पाऊस दिसला की आपल्याकडे यायला किती वेळ लागतो, सज्जनगड स्पष्ट दिसला तर कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही, असल्या फालतू गोष्टी कळायला लागतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. वाकडला भाडं एकतीस हजार होतं, वर सोसायटीचा मेंटेनन्स. इथे बारा. भाजी फार स्वस्त नाही, तो गैरसमज आहे. पेट्रोल मात्र निम्म्यावर आलं.

आता बाकीची बाजू. नवरा आठवड्यातून दोन दिवस पुण्याला जातो. अंतर साधारण ११० किलोमीटर. सकाळची विनाथांबा एसटी, रात्री परत. शुक्रवारी रात्री, त्यातून जोडून सुट्टी आली असेल तर खंबाटकी घाट चढताना दीड तास गाडी जागची हलत नाही. माझं काम घरून चालतं (हिशेब तपासणी), म्हणून जमलं. ते नसतं तर आलोच नसतो. पावसाळ्यात वीज जाते. भिंतीला ओल येते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी धरते. आणि शेजारी! 'वहिनी, काल रात्री उशिरापर्यंत दिवा चालू होता, बरं आहे ना सगळं?' पहिले सहा महिने मला याचा राग यायचा. मग सासूबाई पडल्या. नवरा पुण्यात, मी बँकेत, आणि दिवा मोजणाऱ्या त्याच काकूंनी रिक्षा बोलावली. आता राग येतो, पण कमी येतो.

विचारा काय विचारायचं ते.

---

दोन_बॅगा

वा. ते व्यनि करणाऱ्या तिघांपैकी एक मी.

पण एक शंका आहे. पुण्यात वेताळ टेकडी आहे, पर्वती आहे, तळजाई आहे. मंगळवारी डोंगर पुण्यातही मिळतो की. त्यासाठी बिऱ्हाड हलवायचं?

---

उंबर

अगदी बरोबर. कोथरूडला राहून रोज वेताळ टेकडी चढणारे असाल तर कशाला हलताय? मीही हलले नसते. पण वाकडहून वेताळ टेकडी म्हणजे सकाळी जाताना पाऊण तास आणि येताना ऑफिसची गर्दी लागली की सव्वा तास. आणि टेकडीच्या पायथ्याशी घर घ्यायला जे पैसे लागतात ते आमच्याकडे नव्हते, हे खरं कारण. त्या पैशांत इथे घर येईल, वर गाडीही येईल. आम्ही दोन्ही घेतलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

---

चिमणपुऱ्यातला

जन्म साताऱ्याचा, वय ६४. दोन गोष्टी.

पहिली, मंगळवार नीरस म्हणू नका. किल्ल्यावर मंगळाईचं देऊळ आहे. 😀

दुसरी. आम्ही लहान असताना या गावाला 'पेन्शनरांचं गाव' म्हणायचे. नोकरी मुंबई-पुण्यात करायची, म्हातारपणी इथे येऊन राजवाड्यापुढे बाकावर बसायचं. आमच्या वर्गातले चाळीसपैकी तीस जण बारावीनंतर पुण्याला गेले ते गेलेच. माझा मुलगाही हिंजवडीत आहे, तुमच्या जुन्या घराजवळच राहत असेल. साताऱ्याची पोरं वाकडला आणि वाकडची मंडळी साताऱ्याला! मला हसू येतं, पण बरंही वाटतं. मधल्या वयाची माणसं गावात दिसायला लागली.

शाळा मात्र इथल्या कधीच कमी नव्हत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय इथेच. सैनिक स्कूल १९६१ पासून आहे. अडचण शाळेची नाही. शिकून झाल्यावर पुढं काय, ही आहे. एमआयडीसी आहे, पण सगळ्यांना पुरेल एवढी नाही. त्यामुळं ज्याचं काम त्याच्यासोबत येतं त्यानंच यावं. इथं येऊन नोकरी शोधू म्हणणाऱ्यानं येऊ नये, हे स्पष्ट सांगतो.

---

आसावरी_क

उंबर, पहाटे पावणेसहाला एकटी जातेस? भीती नाही वाटत? मी पुण्यात सोसायटीच्या आत गोल गोल चालते, बाहेर पडायला नको वाटतं.

---

उंबर

पहिल्या आठवड्यात नवऱ्याला सोबत ओढलं. मग लक्षात आलं की त्या वेळी रस्ताभर माणसं असतात. शाळेचे मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, नऊवारीतल्या दोन आजी (त्या मला मागे टाकतात). आता त्यांची नावं माहीत आहेत. एखाद दिवस दिसले नाही तर दुसऱ्या दिवशी हजेरी द्यावी लागते. हिवाळ्यात काळोख असतो तेव्हा मी साडेसहानंतर निघते. अंधारात पायवाटेने जाऊ नये, डांबरी रस्त्याने जावं. हे माणसांच्या नाही, फुरशाच्या भीतीने सांगतेय.

---

कातळफूल

वनस्पतिशास्त्र शिकवतो, साताऱ्यात नाही पण जिल्ह्यातच. कासबद्दल अजून कुणी कसं बोललं नाही?

साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून २५ किलोमीटरवर कासचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली त्यांत हा आहे. सप्टेंबरात सगळा महाराष्ट्र तिथे येतो. दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी आली, तरी शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडतात. आलेला माणूस गुलाबी तेरडा बघतो, निळी सीतेची आसवे बघतो, तासाभरात परत.

पण सडा म्हणजे फक्त ते दोन आठवडे नव्हेत. वरचा थर जांभ्याचा. माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. मे महिन्यात तिथे उभं राहिलात तर तवा तापल्यासारखं वाटतं, इथे काही उगवेल यावर विश्वास बसत नाही. पहिले दोन पाऊस झाले की कातळ काळा पडतो, खळग्यांत पाणी धरतं, कडेच्या झाडीत चवर डोकं वर काढते. मग डबक्यांत वायतुरा येतो. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे नावातच सातारा! सीतेची आसवे आणि दवबिंदू ही झाडं किडे का खातात? कातळावरच्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतो, म्हणून. दिसायला नाजूक, पण पोटासाठी सगळं करावं लागतं. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. हे सगळं एका रविवारी कसं दिसणार? दर पंधरा दिवसांनी अर्धा तास जो वर जाईल त्याला दिसेल, आणि तसं जायचं तर राहायला जवळच हवं. उंबरताईंचं 'मंगळवार' म्हणणं मला या अर्थाने पटलं.

एक गमतीची (किंवा गमतीची नसलेली) गोष्ट. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून सड्याला कुंपण घातलं होतं. त्यामुळे गुरंही यायची थांबली. गुरं चरत होती तोवर गवत आटोक्यात होतं, ती थांबली तसं गवत माजायला लागलं आणि बारक्या फुलझाडांना जागा उरेना. शेवटी कुंपण काढलं. पिढ्यान्पिढ्या तिथे गुरं नेणाऱ्याला आधी विचारलं असतं तर?

---

चिमणपुऱ्यातला

कातळफूल सरांच्या पुढचं मी सांगतो. त्या सड्याखालीच कास तलाव आहे आणि जुन्या साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पेठा त्याचं पाणी पितात. पंप नाही, काही नाही, उतारानं पाणी खाली येतं. आमच्या लहानपणी ते उघड्या पाटातून यायचं. पाटाच्या कडेनं चालत यवतेश्वराकडं जायचो, पाय बुडवायला मनाई होती आणि आम्ही बुडवायचो. म्हणजे सगळ्या पेठांनी आमच्या पायाचं पाणी प्यायलं, माफ करा. आता बंद नळातून येतं. मध्यंतरी धरणाची उंची वाढवली, साठा कितीतरी पटीनं वाढला.

हे अशासाठी सांगितलं की नवीन येणारे 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून यवतेश्वराच्या उतारावरच प्लॉट बघतात. दहा वर्षांत त्या रस्त्यावर किती हॉटेलं आणि बंगले झाले ते डोळ्यांनी पाहिलंय. अहो, तो उतार म्हणजे आमच्या नळाच्या वरची बाजू आहे! डोंगर बघायला यायचं आणि डोंगरावरच बसायचं, मग खालच्यानं काय बघायचं? तुमचं सांडपाणी? उंबरताई खाली पेठेत भाड्यानं राहिल्या, मला ते आवडलं.

वणव्यांचं पण सांगतो. फेब्रुवारी-मार्चात रात्री गच्चीवरून डोंगरावर आगीची रेघ दिसते. कुणी म्हणतं गवत चांगलं येतं, कुणी विडी टाकतं. आमच्यातले काही जण झाडाच्या फांद्या घेऊन विझवायला जातात. नवीन आलेल्या मंडळींनी त्यात यावं. फुलांच्या वेळी सगळेच येतात.

---

आसावरी_क

काका, 'पायाचं पाणी' 😂

---

खंबाटकीपार

गोड गोड फार झालं. मी गेलो होतो आणि परत आलोय. साडेतीन वर्षं राहिलो.

वडिलांना रात्री अकराला छातीत दुखायला लागलं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पुण्याला हलवा. रुग्णवाहिका मिळाली, ती तासाभराने. निघालो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे वळण आहे तिथे कंटेनर आडवा पडलेला. त्या रांगेत पावणेदोन तास. आत वडील, मी त्यांचा हात धरून, आणि बाहेर लोक उतरून व्हिडिओ काढतायत. वडील वाचले. पण पुढचे सहा महिने त्यांना थोडा घाम आला तरी मी गुगल मॅपवर रस्ता लाल आहे का ते बघायचो. शेवटी बायको म्हणाली, हे असं जगायचं असेल तर डोंगर काय करायचाय?

डोंगराची आठवण येते. खोटं का बोलू, रोज येते. पण घरात सत्तरीपुढचं हृदयरोगी माणूस असेल तर भाड्याचा आणि फुलांचा हिशेब करण्याआधी हा हिशेब करा.

---

उंबर

खंबाटकीपार, हे लिहिलंत म्हणून खरंच आभार. माझ्या लिखाणात हे यायला हवं होतं, मी टाळलं. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे, हृदयाचं अजून काही नाही. आमचं ठरलंय ते असं: त्यांच्या सगळ्या तपासण्या पुण्यात वर्षातून दोनदा, फाइलची एक प्रत गाडीत, आणि दोन रुग्णवाहिकांचे नंबर फ्रिजवर. आता इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, कराडलाही मोठं रुग्णालय आहे आणि तिकडे जाताना घाट लागत नाही. पण रात्री अकराला हे सगळं आठवेल का, माहीत नाही.

---

कराडकर_वैद्य

डॉक्टर म्हणून एवढंच: छातीत दुखलं तर 'मोठ्या शहरात नेऊ' म्हणून घरी थांबू नका. जवळ जिथे ईसीजी आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळतं तिथे आधी जा, हलवायचं मग बघू. पुण्यात राहूनही लोक ट्रॅफिकमध्ये तासभर घालवतातच. राहायला येण्याआधी ही दोन-तीन ठिकाणं स्वतः जाऊन बघून ठेवावीत. घर बघायला चार चकरा मारता ना, तशीच एक याचीही.

---

काळ्या_जंगलातून

जर्मनीत फ्रायबुर्गला असते, मूळची साताऱ्याच्या रविवार पेठेतली. इथे ट्राम गावाबाहेर ग्युंटर्सटालपर्यंत जाते, तिथून बस, आणि बसमधून उतरलं की शाउइन्सलांड डोंगरावर जाणारा पाळणा (रोपवे). ऑफिस सुटल्यावर लोक बूट बदलून ट्राममध्ये बसतात. गाडी काढायचीच नाही, म्हणून तर मंगळवारी जमतं.

साताऱ्यात एसटी कासवरून बामणोलीला जाते, आम्ही लहानपणी तीच पकडायचो. घाटात उलटी होईल म्हणून आई खिशात आवळासुपारी द्यायची. त्या गाड्या वाढवल्या तर सप्टेंबरातली अर्धी गर्दी तशीच कमी होईल असं मला नेहमी वाटतं. असो. धागा वाचून घरी फोन केला.

---

माणदेशी_माणूस

साताऱ्याची हवा, साताऱ्याचा पाऊस. जिल्हा आमचा पण आहे की! महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास, आणि आमच्या म्हसवडकडं पाचशे पडला तरी पेढे वाटतो. एकाच जिल्ह्यात. कास तुम्ही घ्या, आमच्याकडं पण या कधीतरी, माळ बघायला. तोबी निसर्गच हाय.

---

उंबर

येणार. पेढे आमच्याकडून, कंदी.

---

दोन_बॅगा

एक व्यवहाराचा प्रश्न. घर बघायला कधी यावं? आम्ही सप्टेंबरात कासची नोंदणी केली आहे, तेव्हाच दोन-तीन घरं बघावीत म्हणतो.

---

उंबर

सप्टेंबरात अजिबात नको. तेव्हा ऊन-पाऊस, हिरवागार डोंगर, घरमालकही गोड बोलतो. जुलैत या, सलग चार दिवस पाऊस लागलेला असताना. घराची पश्चिमेकडची भिंत हाताने चाचपा. कपाट उघडून वास घ्या. वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो ते घरमालकाला नाही, भाडेकरूला विचारा. डोंगर त्या वेळी दिसणारही नाही, नुसतं पांढरं. तेव्हाही राहावंसं वाटलं तर बघा.

---

चिमणपुऱ्यातला

आणि पाणी कुठलं येतं ते विचारा. कासचं की नदीचं. आणि किती वाजता. २०२० च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत घर घेणार असाल तर रस्ता आणि गटार झालंय का ते स्वतः जाऊन बघा, कागदावर बघू नका.

---

दोन_बॅगा

(जुलै)

आलो होतो परवा. पाऊस म्हणजे काय ते कळलं. तीन घरं बघितली. पहिल्याची पश्चिमेची भिंत हिरवी, मालक म्हणाले दिवाळीनंतर रंग देऊ. दुसरं छान होतं पण तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, आईला जमणार नाही. तिसरं केसरकर पेठेत, जुनं, कौलारू, स्वयंपाकघरात एका जागी पातेलं ठेवलेलं. मालकीणबाई म्हणाल्या, 'गळतं, पण तिथंच गळतं, दुसरीकडं कुठं नाही.' या प्रामाणिकपणावर आम्ही दोघंही खूश.

किल्ल्यावर गेलो. काही म्हणजे काही दिसलं नाही. दरवाजापाशी एक आजी छत्री उलटी झाल्यावर ती सरळ न करता तशीच हातात धरून उतरत होत्या. बायकोला विचारलं, काय वाटतं? म्हणाली, आज रविवार आहे, आज काय कळणार. मंगळवारी येऊन बघू.

---

उंबर

त्या आजी म्हणजे मला मागे टाकणाऱ्या दोघींपैकी धाकट्या.

या मंगळवारी. साडेसहाला दरवाजात भेटू. छत्री आणू नका, रेनकोट आणा. आणि केसरकर पेठेतल्या बाईंना फोन करून ठेवा, पातेल्यासकट घर दुसरं कुणीतरी घेईल.